सरासरीच्या पलीकडची वस्ती

शहरातल्या अँब्युलन्स कुठं उभ्या राहतील, हे ठरवणारा प्रोग्राम तिनं लिहिला होता. गाड्या सरासरीनं आधीपेक्षा लवकर पोचायला लागल्या, आणि साहेब तिचं तोंडभरून कौतुक करत फिरत होते.

नणंदेनं त्यावर पाणी फिरवलं. ती टेकडीवरच्या वस्तीत नर्स. सुट्टीच्या दिवशी जेवायला आली ती फुरंगटूनच.

"वहिनी, तुझ्या गाड्या आमच्याकडे उलट उशिरा येतात गं. काल दिवस भरलेल्या एका बाईला खुर्चीत बसवून आम्ही खाली उतरवलं."

"पण सरासरी तर..."

"सरासरीला कळा येत नाहीत."

 दुसऱ्या दिवशी ऑफिसात तिनं सगळं तपासलं. चूक कुठंच नव्हती. टेकडीवरून फोन कमी येतात, म्हणून प्रोग्रामनं गाड्या बाजाराकडे ओढल्या होत्या. तिनं सांगितलं होतं तेच त्यानं इमानेइतबारे केलं होतं.

बैठकीत साहेब म्हणाले, "जास्तीत जास्त लोकांचं भलं होतंय ना? मग बसलेली घडी कशाला विस्कटायची?"

कॉलेजात न्यायाच्या तत्त्वज्ञानाच्या तासाला ऐकलेली एक गोष्ट तिला आठवली. तिनं कागद फाडून त्यावर शहरातले भाग लिहिले आणि घड्या घालून चिठ्ठ्या टेबलावर पसरल्या.

"एकेक उचला. उघडायची नाही. आत जो भाग असेल तिथं तुमचं घर, आणि घरात आई आजारी. आता सांगा, नियम कुठला हवा?"

"पोरखेळ आहे हा," साहेब हसले. तरी चिठ्ठी उचललीच. ती बोटांत फिरवता फिरवता त्यांचं हसू मावळलं. "माझी टेकडी निघाली तर?"

"तेच विचारतेय, साहेब."

बरीच वादावादी झाली. शेवटी ठरलं: सगळ्यात जास्त ताटकळणाऱ्याचं वाट पाहणं आधी कमी करायचं, सरासरीचं मग बघायचं. बाजारातली एक गाडी टेकडीच्या पायथ्याशी गेली.

काही महिन्यांनी तिचे सासरे घरात भोवळ येऊन पडले. घर भर बाजारात. गाडी आली, पण पूर्वी आली असती त्याहून उशिरा. दारात उभी असताना क्षणभर तिला वाटून गेलं, कुठून ही अवदसा आठवली आपल्याला!

साखर उतरली होती, इतकंच. दवाखान्यात सासरे उशीला टेकून बसले. नणंद शेजारीच होती.

"सूनबाई, तुझ्याच नियमानं मला लटकवलं म्हणे."

तिला मान वर करवेना. "चुकलं का हो बाबा माझं?"

सासऱ्यांनी लेकीकडे पाहिलं. "तुमच्याकडे काय म्हणतात?"

"आता कुणाला खुर्चीतून उतरवावं लागत नाही, बाबा."

"मग चुकलं कसं? गाड्याच कमी आहेत, त्याला ती काय करणार?"

"आणखी एक गाडी मागायची म्हणतेय," ती हळूच म्हणाली.

"माग. मी येते बरोबर," नणंद म्हणाली.

"मीही येतो," सासरे म्हणाले. "चक्कर आलेला म्हातारा समोर बसवलात, की नाही म्हणायला जीभ रेटत नाही कुणाची."