खाऊच्या डब्याची सही

मी एक जुना टोप आहे. कोलंबियातल्या मेदेयीन शहराच्या भंगारवाल्यांनी ॲल्युमिनियम वितळवून मला ओतलं, आणि ‘एल फिलो’ या डोंगरवस्तीतल्या माणसांनी मला खांद्यावरून वर आणलं. वाटेत मी एकदा घरंगळलो, तेव्हापासून माझ्या काठाला पोचा आहे.

मित्रांनो, ती वस्ती मीच जेवू घातली. दर रविवारी कोन्विते, म्हणजे सगळ्यांनी मिळून काम. कोणी वाळू वाहायचं, कोणी पायऱ्या बांधायचं, आणि माझ्यात कोंबडी, कच्ची केळी आणि मका घालून सांकोचो रटरटायचा. घाम गाळला त्याला वाटी मिळायची. ज्याच्याने काम होत नव्हतं त्यालाही मिळायची. सही कोणी मागितली नाही.

पायऱ्या झाल्या, पाण्याचे नळ आले आणि मी सभेच्या खोलीत पालथा पडलो. एक कोंबडी माझ्यावर बसून रुबाब करायची. तिच्या आजीला मी शिजवलं होतं, पण बोलणार कोणाला?

मग एका शनिवारी पालिकेच्या इंजिनिअर यानेत बाई रंगीत नकाशा आणि खाऊचे डबे घेऊन आल्या. फार गोड बोलत होत्या. मला तिथेच शंका आली.

“आपल्याला ही वस्ती राहण्याजोगी करायची आहे,” त्या म्हणाल्या.

“म्हणजे चाळीस वर्षं आम्ही झाडावर राहत होतो होय?” एदिल्बेर्तो गवंडी म्हणाला.

नकाशात वरची घरं हिरवी रंगवली होती. हिरवं म्हणजे बाग. जिला सगळे मानाने ‘डोन्या’ म्हणतात त्या ओतिलियाचं घर त्या हिरव्यात होतं. त्याची एकेक वीट तिने पाठीवरून वर नेली होती. नकाशावर घर काही दिसत नव्हतं. बाग मात्र सुरेख दिसत होती.

टेबल नव्हतं, म्हणून सह्यांचा कागद माझ्या पाठीवर ठेवला. सही करा, डबा घ्या. बारा जणांनी केली. ओतिलिया टेकून सही करायला गेली आणि पोच्यामुळे मी डुगडुगलो. तिने कागद हातात उचलला.

“पोरी, ही सही कसली गं?”

“हजेरीची, डोन्या. डबा घेतला त्याची.”

“मग वर तसं लिहिलं का नाहीस? इथे तर कोरं आहे.”

“ते मागाहून ऑफिसात छापतात.”

एदिल्बेर्तोने हातातला पाव खाली ठेवला. “खालच्या वस्तीतही असेच डबे वाटले होते. तीन महिन्यांनी कळलं, तो खाऊ नव्हता, घरं सोडायला होकार होता.”

ओतिलियाने पेन घेतलं आणि कोऱ्या जागेत सावकाश लिहिलं: ‘आम्ही एकेक पाव आणि पेरूचा रस घेतला. दुसरं काहीही कबूल केलेलं नाही.’ मग खाली सही केली.

यानेत बाईंचा चेहरा उतरला. “हे ऑफिसात चालणार नाही, डोन्या.”

“मग पाव परत ने. आणि उद्या रविवार आहे, नकाशा घेऊन ये. पाणी कुठे तुंबतं, दरड कुठे पडते, सगळं दाखवते. बाग आम्हालाही हवीच आहे गं. माझ्या स्वयंपाकघरात नको एवढंच.”

त्या येतील असं मला वाटलं नव्हतं. पण आल्या. मला घासूनपुसून चुलीवर चढवलं होतं. दुपारपर्यंत त्या सगळ्या पायऱ्या चढल्या-उतरल्या. मग दरडीखालच्या मोकळ्या जागेवर झाडांची खूण केली आणि ओतिलियाचं घर नकाशावर काढलं. पेन्सिलीने.

ओतिलियाने वाढलेली वाटी हातातच धरून ठेवली. “आधी शाईने कर, पोरी. सांकोचो काही पळून जात नाही.”

यानेत बाईंनी तिच्याकडे पाहिलं, पेन काढलं आणि घर शाईने गिरवलं. मगच त्यांना वाटी मिळाली. नकाशा मंजूर झाल्याचं अजून कोणी कळवलेलं नाही, म्हणून माझी शंका अजून गेलेली नाही.

मित्रांनो, तुमच्या गावाचाही नकाशा कुठेतरी कोणीतरी रंगवत असेल. त्यात तुमचं घर शोधा. ते कोणत्या रंगात आहे आणि का, ते विचारा. खाणाऱ्याने प्रश्न विचारू नयेत, असं डबे वाटणाऱ्याला वाटतं. तुम्ही तोंडात घास असला तरी विचारा.