दोनशे पत्रकं

मी एक जुनं ऑफसेट मशीन आहे. मित्रांनो, उदगीरच्या एका बोळात, खाजामियाँच्या छापखान्यात माझी तिशी उलटली. लग्नपत्रिका, उरुसाची पोस्टरं, जयंतीची निमंत्रणं मी छापली. छपाई सुबक निघाली की गिऱ्हाइकं माझ्या पत्र्यावर थाप मारत. पुढे निमंत्रणं मोबाइलवर जाऊ लागली आणि मी धूळ खात पडलं. एका धार्मिक संघटनेच्या कामावरच छापखाना तग धरून होता.

गेल्या वर्षी त्या संघटनेचा एक तरुण पत्रकाचा मजकूर घेऊन आला. आमच्याकडे प्रत्येक मजकूर आधी शाहेदा तपासते. ती खाजामियाँची मुलगी, बी.एस्सी. झालेली. त्या दिवशी ती लातूरला गेली होती. वर बिस्मिल्ला लिहिलेलं दिसलं आणि खाजामियाँनी पुढचं न वाचताच छपाईची प्लेट माझ्यावर चढवली.

दोनशे पत्रकं निघाली, तेवढ्यात शाहेदा परतली. तिने एक वाचलं. युद्धं, रोगराई, मंदी, सगळं ज्यूंचंच गुप्त कारस्थान; ज्यू जन्मतःच शत्रू, असं त्यात होतं. तिने मला बंद केलं आणि तासभर संदर्भ शोधले.

"अब्बा, हे आपलं नाहीच. युरोपातल्या ज्यूद्वेष्ट्यांनी शंभराहून जास्त वर्षांपूर्वी रचलेलं हे खोटं आहे. तेव्हाच उघडं पडलं, तरी त्याच्या जोरावर पुढे लाखो ज्यू मारले गेले. यात आपलं काही असेल तर फक्त वरची ओळ."

संध्याकाळी तरुण आला आणि चिडला. "चाचा, गाझातली लेकरं दिसत न्हाईत का तुम्हाला?"

"दिसतात," खाजामियाँ म्हणाले. "युद्ध थांबवा म्हणणारं पत्रक आण, आत्ता छापतो. पण एका सरकारचा राग सगळ्या जमातीवर काढायचा? आपल्यावर कुणी काढला तर कसं वाटतं तुला?"

मग खाली छापखान्याचं नाव टाकू नका, असं तरुणाने सुचवलं. खाजामियाँ हसले. "खरं हाय म्हणतोस, मग नाव कशापायी लपवू?"

वर्षभराचं काम काढून घेईन, असं बजावून तो गेला. त्याने ते केलंही.

अल्लाचं नाव असलेला कागद खाजामियाँ कधी कचऱ्यात टाकत नाहीत. त्यांनी दोनशे पत्रकांची वरची पट्टी कापली आणि स्वच्छ कापडात गुंडाळली. उरलेल्याचे बारीक तुकडे केले.

मित्रांनो, आता मी आठवड्यातून एखाद्या दिवशी चालतं. उद्या भंगारात जाईन. मला तेलपाणी करा, असं मी म्हणणार नाही. पवित्र नावाखाली कुणी द्वेषाचा कागद हातात ठेवला, तर तो शेवटपर्यंत वाचा आणि पुढे जाऊ देऊ नका. ती दोनशे मीच छापली, हे मी नाकारत नाही. पण दोनशे एकावं निघालं नाही, निघणारही नाही.