रोमच्या नळाचं पाणी

माझा पुंजाराम लढाईहून परत आला तेव्हा गावाला त्याच्याकडून एकच ऐकायचं होतं, रोम शहर कसं असतं. पलटणीत रस्ते बांधायला गेल्ता तो, बंदूक काही त्याच्या हाती दिली न्हाई. पण इटलीच्या राजधानीत म्हैनाभर राह्यलेला माणूस टेंभुर्णीपासून जालन्यापर्यंत दुसरा कोण होता? म्हणून रामराव पाटलानं त्याला पाराशी बोलावलं. पारावर न्हाई, पाराखाली. बसायला पोतं दिलं, तेवढाच मान.

मी घागर घेऊन विहिरीवर गेले. घरात थेंब नव्हता. आम्ही महारवाड्यातले, आम्हांला विहिरीला हात लावायची मनाई. विहिरीच्या ओट्याच्या पायऱ्यांखाली उभं राहायचं, "वाढा वो माय" म्हणायचं, अन् वरच्या बायांना दया आली की त्या आपला पोहरा आमच्या घागरीत ओतणार. पण त्या दिवशी वर चिटपाखरू न्हाई. समदं गाव माझ्याच पोराचं रोम ऐकत बसलेलं! आता हसावं का रडावं? ऊन चढलं, पाय भाजले. पार हाकेवरच होता, त्याचं बोलणं मला ऐकू येत होतं.

मधून नदी वाहती, म्हणाला, अन् पुलावर पंखवाली दगडी माणसं उभी. जुन्या राजांचं खेळाचं गोल मैदान अर्धं पडलंय, त्यात मांजरं नांदतात. देऊळ एवढं मोठं की आपलं गाव आत बसून वर जागा उरल. लढाईनं लोकांचे मात्र हाल, लेकरं आमच्या गाड्यांमागं पाव मागत पळायची.

"अन् पाणी?" कुणीतरी विचारलं.

"गल्लोगल्ली लोखंडी नळ. रात्रंदिवस वाहतो. तोटी बोटानं दाबली की वरच्या भोकातून धार उडती. मी प्यालो. माझ्यामागं आमच्या पलटणीतला एक बामण शिपाई प्याला, त्याच्यामागं तिथला पाद्री. कुणी कुणाला काही विचारलं न्हाई."

"वा! याला म्हणावं शहर," रामराव पाटील म्हणाला. समद्यांनी माना डोलावल्या.

मंग बैठक मोडली. पाटलीण झुंबरबाई पाण्याला आली, चेहरा नुसता फुललेला. पोहरा ओढता ओढता म्हणली, "तुळजे, किती गोड सांगतो गं तुझा पोरगा! तिथल्या नळाचं म्हणं कुणीबी पितं."

असं म्हणत तिनं पोहरा हातभर उंच धरला, माझ्या घागरीला शिवू नये म्हणून, अन् ओतला. अर्धं पाणी मातीत गेलं.

मला असा राग आला की बस. तिकडं माझं लेकरू बोलून बोलून तहानलेलं, अन् त्याचं बोलणं ह्यांना नुसतं गोड लागलं! मी ती घागर तिथंच उपडी केली अन् पायऱ्या चढले. झुंबरबाई किंचाळली. पारावरून पाटील धावत आला, त्याच्यामागं माझा पुंजाराम.

"ए तुळजे! कुठं चालली?" पाटील ओरडला.

मी पोहऱ्याची दोरी हातात घेतली.

"रोमला," म्हणलं.