उसना गोलकीपर

आमच्या कॅप्टनसाहेबांना कालपासून जेवण जात नाही, आणि नेहमीसारखं त्यांच्यावर ओरडायला मला तोंड राहिलेलं नाही. म्हणून तुम्हाला सांगते.

कॅप्टनसाहेब म्हणजे आमचे हे, मजीद. एसीच्या कंपनीत सुपरवायझर आहेत. वय चाळीसच्या पुढे, पोट पँटच्या पुढे, पण थंडी सुरू झाली की अंगात बंदर कॉलेज संचारतं. आमच्या गावाकडे खाडीच्या अलीकडे बंदर कॉलेज आणि पलीकडे टेकडी कॉलेज. दोघांची फुटबॉल मॅच म्हणजे लग्नाहून मोठी गर्दी नि मयताहून मोठी रडारड. मॅच बंदरावर झाली की टेकडीवाले म्हणणार, रेफ्री तुमचा, रेघ तुमची, चहात पाणी तुमचं. टेकडीवर झाली की आमचे म्हणणार, मैदानाला उतार मुद्दाम ठेवलाय. शेवटी एका वर्षी दगडफेक झाली, कुणाचं तरी डोकं फुटलं, आणि प्राचार्यांनी मॅचच बंद करून टाकली. पण कुवेतला आलेले जुने विद्यार्थी कसले ऐकतात! त्यांनी ती इथे सुरू केली.

इथे मात्र जरा अक्कल आली. मॅच सालमियात नको, कारण तिथे आम्ही बंदरवाले राहतो. फरवानियात नको, तिथे टेकडीवाल्यांच्या खोल्या. म्हणून बनेद अल-गारला, समुद्राच्या अंगाला, कुणाच्याच बापाची नसलेली मोकळी वाळू धरली. रेफ्री गोव्याचा, चहा केरळवाल्याचा. एक गोलपोस्ट आम्ही न्यायचा, एक त्यांनी. चुन्याची अर्धी रेघ आम्ही मारायची, अर्धी त्यांनी, आणि मध्यावर त्या दोन रेघा आजवर एकदाही जुळलेल्या नाहीत.

दोन्हीकडे अकरा माणसं भरत नाहीत. कुणाला ड्यूटी, कुणाची कंबर धरलेली. म्हणून प्रत्येकाने तीन उसने गडी घ्यायचे असं ठरलं, पण ते दोन्हीपैकी कुठल्याच कॉलेजात शिकलेले नकोत. ते ओळखू यावेत म्हणून त्यांनी जर्सी उलटी घालायची. कॉलेजचं नाव आत, शिवण बाहेर. आणि उसना गडी दुखापत होऊन बाहेर गेला, तर त्याच्या जागी दुसरा घ्यायचा नाही. जर्सी शिवते कोण? मी. मी स्वतः दहावीपुढे कॉलेजची पायरी चढले नाही, पण बंदर कॉलेज हरलं की दोन दिवस चूल पेटवावीशी वाटत नाही, अशी मी.

आमचा उसना गोलकीपर शत्रुघ्न. यांच्याच हाताखाली डक्ट बसवण्याचं काम करतो. रिग्गईत कंपनीच्या खोलीवर राहतो, बायको चंपा गावाला. अंगाने काटकुळा, पण हात बघाल तर सुपाएवढे. पाच वर्षं आमच्याकडून खेळला, आणि दर वेळी उलट्या जर्सीत उभा राहून म्हणायचा, "भाभी, यंदा आपलं कॉलेज जिंकणार." सगळे हसायचे. "तुझं कधीपासून झालं रे?" म्हणून चिडवायचे. तोही हसायचा, आणि पुढच्या वर्षी पुन्हा "आपलं कॉलेज"च म्हणायचा.

गेल्या आठवड्यात शुक्रवारी मॅच होती, आणि नेमका त्याच दिवशी सालमियातल्या एका मॉलच्या कामावर शत्रुघ्नला ओव्हरटाइम लागला. तो बिचारा म्हणाला, "मजीदभाई, मुदीर रागावेल. या महिन्यात कॉन्ट्रॅक्ट पुढे वाढवायचं की नाही ते तोच ठरवणार." मुदीर म्हणजे यांच्या कंपनीचा मॅनेजर. आमचे कॅप्टन छाती काढून म्हणाले, "सुपरवायझर कोण? मी. मी सांगतो तुला, चल. काय झालं तर माझ्यावर." हे माझ्या समोर म्हणाले, माझ्याच किचनमध्ये, माझाच चहा पीत.

मॅच सुरू झाली आणि काय सांगू, आम्ही गोल केला! टेकडीवाल्यांची तोंडं कारल्यासारखी झाली. हाफटाइमच्या जरा आधी त्यांच्या एका रेड्याने जोरात बॉल मारला. शत्रुघ्न आडवा झेपावला, बॉल अडवला, पण हात जाऊन लोखंडी पोस्टवर आपटला. आमच्याच पोस्टवर. हाफटाइमला तो माझ्याकडे आला. मनगट सुजून टम्म, ओठ पांढरे.

"भाभी, बोटं हलत नाहीत हो."

मी काय म्हणायला हवं होतं? कुणीही शहाणी बाई म्हणाली असती, गाडीत बस, दवाखान्यात जाऊ. मी माझी ओढणी काढली, मनगटावर करकचून बांधली आणि म्हणाले, "थोडाच वेळ राहिलाय रे. तू गेलास तर दहाच उरतील, आणि गोलला उभं राहणारं दुसरं आहे कोण? एवढी कॉलेजची इज्जत राख." त्याने माझ्याकडे बघितलं, मान हलवली आणि जाऊन उभा राहिला. दुसऱ्या हाफमध्ये आणखी दोन बॉल अडवले त्याने. एक छातीने आणि एक त्याच हाताने. तेव्हा तो ओरडला ते मला मैदानाच्या कडेला ऐकू आलं. मी टाळ्या वाजवल्या.

जिंकलो. कॅप्टनसाहेबांना खांद्यावर घेतलं लोकांनी. गोलकीपरला खांद्यावर घेता येत नव्हतं, तो हात पोटाशी धरून वाळूत बसला होता.

दवाखान्यात कळलं, हाड दोन ठिकाणी मोडलंय. कोपरापर्यंत प्लास्टर. पुढे हात पहिल्यासारखा वळेल की नाही ते डॉक्टर सांगेना.

दुसऱ्या दिवशी मुदीरने दोघांना समोर उभं केलं. कामावर असताना हात मोडला असता तर कंपनीने सांभाळलं असतं. पण हा तर ड्यूटी सोडून बॉल खेळायला गेलेला! मुदीरने विचारलं, तुला सोडलं कुणी? आणि शत्रुघ्न म्हणाला, "कुणी नाही, साहेब. मजीदभाईंनी कामावर जा म्हणून सांगितलं होतं. मीच ऐकलं नाही." आमचे हे शेजारीच उभे होते. मुदीरने यांच्याकडे बघितलं, तर यांनी मान खाली घातली. खाली घातलेली मान म्हणजे हो. झालं, शत्रुघ्नचा व्हिसा कॅन्सल, पुढच्या शनिवारचं तिकीट.

हे मला त्यांनी त्याच दिवशी संध्याकाळी सांगितलं, भाताचं ताट समोर ठेवून. माझं डोकंच फिरलं.

"माणूस आहात की खांब? तो तुमच्यासाठी खोटं बोलला आणि तुम्ही गप्प?"

"हफिजा, इथे राहायचा माझा इकामा त्याच कंपनीवर आहे. मी खरं बोललो असतो तर त्याच्याबरोबर माझंही तिकीट. माझं म्हणजे तुझंही, आणि आपल्या बिल्कीसची शाळाही."

"मग जाऊ आपण! गावात काय लोक उपाशी मरतात? तोंड आहे ना तुम्हाला? जा, सांगा मुदीरला की मी नेलं त्याला."

आठवडाभर मी त्यांचा पिच्छा सोडला नाही. चहा देताना बोलले, कपडे वाळत घालताना बोलले, ते नमाजावरून उठले की तेव्हाही बोलले. "अल्लाला काय सांगणार आहात?" असंही म्हणाले. ते नुसते खिडकीशी जाऊन उभे राहायचे. खरं सांगू, ओरडून झालं की मला जरा बरं वाटायचं. ओढणीची गाठ आठवायची नाही. मनात म्हणायचे, मी तरी खऱ्याच्या बाजूने आहे.

काल शुक्रवारी, आज त्याचं विमान म्हणून, दुपारी आम्ही रिग्गईला त्याला भेटायला गेलो. सुरमईचं कालवण आणि तांदळाच्या भाकऱ्या नेल्या होत्या. आणि एक नवी जर्सी. रात्र रात्र बसून शिवली होती, बंदर कॉलेजचं नाव पिवळ्या रेशमाने भरलं होतं. मोठी पर्स घेतली होती, त्यात ती घडी करून, पिशवीत घालून ठेवली. गाडीची चावीही त्यातच. यांनी मागे एकदा चावी हरवली, तेव्हापासून गाडी लावली की ती माझ्याच पर्समध्ये पडते.

खोलीत चार खाटा. बाकीचे तिघे कामावर गेलेले. शत्रुघ्नची बॅग दोरीने बांधून तयार होती. "कशाला त्रास घेतलात, भाभी?" म्हणाला. मी जर्सी काढून त्याच्या हातात दिली. "ही तुझी. आमच्याकडून."

त्याचा चेहरा उजळला. तिथेच शर्टावर घालायला लागला. एका हाताने काय जमणार? पण आधी त्याने काय केलं माहीत आहे? जर्सी उलटी केली. पिवळं नाव आत, शिवण बाहेर, आणि मग डोकं घातलं. विचारसुद्धा केला नाही त्याने. पाच वर्षांची सवय.

हे उठले. त्यांनी त्याच्या डोक्यातून जर्सी काढली, सुलटी केली आणि त्याला घातली. प्लास्टरचा हात बाहीतून अलगद बाहेर काढला, लहान पोराला शाळेत पाठवताना काढतात तसा. नाव पुढे आलं. यांचे डोळे भरलेले होते. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "हफिजा, चावी दे. मुदीर शुक्रवारी घरीच असतो. मी याला घेऊन आत्ताच्या आत्ता जातो. तिकीट कॅन्सल होईल नाहीतर माझंही निघेल. जे होईल ते होईल."

आठवडाभर मी हेच तर मागत होते ना? मग मला आनंद व्हायला हवा होता. पण पर्समध्ये हात घातला आणि मला आमचं घर दिसलं. बाल्कनीतली वेल, बिल्कीसचा शाळेचा निळा ड्रेस, हप्त्यावर घेतलेलं कपाट. बिल्कीसला मराठी धड वाचता येत नाही, गावच्या शाळेत बसवायची कुठे? चावी माझ्या बोटांना लागली. थंडगार लोखंड. मी ती जर्सीच्या रिकाम्या पिशवीखाली सरकवली.

"सापडत नाहीये," मी म्हणाले. "घरी तर नाही राहिली?"

घरून गाडी चालवत आलो होतो आम्ही! चावी घरी राहून गाडी रिग्गईला कशी येईल? इतकं बावळट खोटं मी जन्मात बोलले नव्हते. हे माझ्याकडे बघत राहिले. त्यांनी हात पुढे केला असता, पर्स घेतली असती, तर मी दिली असती, खरंच दिली असती. त्यांनी हात पुढे केला नाही.

शत्रुघ्नच बोलला. "राहू दे हो, मजीदभाई. मुदीर एकदा ठरवलेलं बदलत नाही. उगाच दोन घरं कशाला उठवायची? बसा. कालवण गार होईल."

हे बसले. इतक्या चटकन बसले की खाट करकरली.

आम्ही जेवलो. तो डाव्या हाताने खात होता, भाकरी मी मोडून देत होते. चंपाला काय सांगणार, म्हणून यांनी विचारलं. म्हणाला, "सांगेन, जिन्यावरून पडलो. फुटबॉल म्हटलं तर मारेल मला." आम्ही तिघेही हसलो. या अल्ला, आम्ही हसलो!

निघताना तो लिफ्टपर्यंत आला. बटण दाबलं, आणि आम्ही काही म्हणायच्या आत डाव्या हाताने जर्सी मागून पकडून डोक्यावरून ओढून काढली. काढताना ती आपोआप उलटी झाली. तशीच त्याने माझ्यापुढे धरली.

"ही ठेवा, भाभी. पुढच्या वर्षी नवा गोलकीपर लागेल ना तुमच्या कॉलेजला."

पाच वर्षांत पहिल्यांदा तो "तुमच्या" म्हणाला. रागाने नाही, अगदी साध्या आवाजात. मी नको म्हणाले, दोनदा म्हणाले, पण त्याचा हात खाली जाईना. शेवटी घेतली आणि घाईघाईत पर्समध्ये कोंबली. आत चावी खणकन वाजली. तिघांनाही ऐकू आली.