बाजूच्या खोलीतला टीव्ही

बसव्वाला किळस लवकर येत नसे. स्टँडच्या मागच्या गल्लीत उभी हयात काढलेल्या बाईला ती परवडतही नाही. तुंबलेली मोरी, जिन्याच्या कोपऱ्यात साठलेल्या पानाच्या पिचकाऱ्या, दारू उलटून पडलेलं गिऱ्हाईक, हे सगळं ती नाकाला पदर न लावता निस्तरायची. म्हणूनच दोन हजार तीन साली स्टेशन रोडवरच्या हॉटेलात जे झालं, त्यानं तिचं अन्न तुटलं तेव्हा गल्लीला नवल वाटलं.

त्याची सुरुवात पूर्णिमापासून झाली. ही मंगळवार पेठेतली पोरगी, समाजशास्त्र शिकलेली, बाजाराचे सर्वे करणाऱ्या एका कंपनीत लागलेली. मुंबईच्या कुणा मालकाला नवं कंडोम बाजारात आणायचं होतं, आणि ते कसं असावं हे धंदा करणाऱ्या बायकांकडून समजून घ्यायचं काम हिच्याकडं आलं होतं. बायकांनी गल्लीत आपलं एक मंडळ काढलं होतं आणि बसव्वा त्याची अध्यक्षा होती. म्हणून पूर्णिमा थेट तिच्या दारात आली.

"सर्वेवाली हायस व्हय?" बसव्वा म्हणाली. "या आधी लई येऊन गेले. कितव्या वर्षी आलीस, कुणी आणलं, एवढंच इचारायचं आणि डोळ्यातनं पाणी कधी येतंय त्याची वाट बघत बसायचं. आमास्नी न्हाय जमायचं ते."

पूर्णिमानं वाद घातला नाही. ती येत राहिली. बसव्वाच्या चुलीपुढं बसून भाकरी आणि खर्डा खाल्ला, हात पोळला तरी हसली. हळूहळू बसव्वा तिला "पोरी" म्हणायला लागली. शेवटी मंडळानं होकार दिला, पण आपल्या अटीवर. प्रश्न बायकांनीच ठरवायचे आणि बायकांनीच विचारायचे. नाव नाही, फोटो नाही, कॅमेरा नाही. मधेच उठून जावंसं वाटलं तर कुणी का म्हणून विचारायचं नाही. आणि जे काही निघेल ते कंपनीच्या आधी मंडळाला वाचून दाखवायचं.

"आईची शपथ," पूर्णिमा म्हणाली आणि तिनं बसव्वाचा हात हातात घेतला.

बैठक मात्र हॉटेलात घ्यायची असं तिनं सुचवलं. गल्लीत गलका असतो, कुणाचं कुणाला ऐकू येत नाही म्हणाली. बसव्वाला ते पटलं. खरं तर मनातून बरंही वाटलं. इस्त्रीच्या साड्या नेसून बायका हॉटेलात शिरल्या तेव्हा दारावरच्या माणसानं "या मॅडम" म्हणून दार उघडलं. हे तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं.

आत गार हवेत गोल करून त्या बसल्या. बसव्वानं पहिला प्रश्न विचारला आणि गल्लीतली सगळ्यात जुनी बाई, चिमणाबाई, सुटलीच.

"वास! रबराचा वास हाताला बसतोय. साबणानं धुतलं, राखंनं धुतलं, तरी भाकरी मोडाय गेलो की नाकात तोच. आणि ते पाकीट? ओल्या हातानं फाटत न्हाय. दात लावाय लागतो. माझं हायत किती दात!"

बायका खिदळल्या. मग एकेक बोलू लागली. हसण्याची जागा हळूहळू दुसऱ्याच बोलण्यानं घेतली. धोंडुबाई नावाची अबोल बाई, जी मंडळातसुद्धा तोंड उघडत नसे, ती खाली बघून सांगू लागली, की एका गिऱ्हाइकाला "हे घाल, न्हायतर जा" म्हटल्यावर त्यानं तिला कसं भिंतीवर आपटलं. बसव्वानं काही विचारलं नाही, नुसती ऐकत राहिली.

मधे चिमणाबाई मोरीकडं जाऊन येते म्हणून उठली होती. ती परत आली ती दारातच थांबली. तोंड पांढरंफटक पडलेलं.

"बसव्वा, जरा भाईर ये."

"काय झालं?"

"तुमी समद्या टीव्हीत हायसा गं."

बसव्वा तिच्यामागून गेली. शेजारच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. आत तीन पुरुष सोफ्यावर पसरले होते, बूट काढून, पाय टेबलावर टाकून. टेबलावर कोंबडीच्या ताटल्या, चघळून टाकलेली हाडं, त्यातल्याच एका ताटलीत विझवलेल्या सिगारेटी. समोर टीव्ही, आणि त्यात धोंडुबाई. ती खाली बघून बोलत होती. तिचा आवाज या खोलीत त्या खोलीपेक्षाही मोठा येत होता.

पण तिच्याकडं कुणाचं ध्यान नव्हतं. त्यातला एक तरुण, डोक्यावर रुमाल पदरासारखा घेऊन, चिमणाबाईची नक्कल करत होता. "भाकरी मोडाय गेलो! अहो, बाई म्हणते, गेलो!" कोल्हापूरच्या बायका 'मी गेलो' म्हणतात याची त्या मुंबईवाल्याला केवढी गंमत वाटत होती. मधे बसलेला जाडजूड साहेब हसता हसता ठसकला. त्याच्या ओठावर मांसाचा एक बारीक धागा चिकटला होता, साहेब जिभेनं त्याला शोधत होता, आणि सापडेना.

बसव्वाच्या तोंडाला पाणी सुटलं, ओकारीच्या आधी सुटतं तसं. मागून पूर्णिमा पळत आली.

"ताई, ऐका माझं. हे सगळीकडंच असं असतं. पैसे लावणाऱ्यांना बघायचं असतं. तुम्हाला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून सांगितलं नाही एवढंच."

"तुला म्हाईत हुतं?"

त्या पुरुषांची किळस बसव्वाला ओळखीची होती, असले ओठ तिनं जन्मभर बघितले होते. पण या पोरीनं आपला हात हातात घेतला होता, हे आठवलं आणि तो हात कुठंतरी घासून काढावासा वाटला.

ती वळली आणि सगळ्या बायकांना त्याच खोलीत घेऊन आली. कुणी सोफ्याच्या हातावर, कुणी खाली, जागा मिळेल तिथं त्या बसल्या. तरुणाच्या डोक्यावरचा रुमाल तसाच राहिला होता.

"पूर्णिमा, यांना बाहेर घ्या," साहेब म्हणाला.

"बसा की सायेब," बसव्वा म्हणाली. "आमचं ऐकून झालं, आता आमी ऐकतो. इचारायचं कसं ते शिकून आलोय आमी. सांगा, तुमी घरातनं भाईर पडतासा तवा पाकीट खिशात असतंय, का आयत्या येळंला बाईकडं मागतासा?"

बायका फसकन हसल्या.

"आणि वास? हाताला राहतोय काय?" चिमणाबाई पुढं सरकली. "जेवताना ध्यानात येतंय का? लाजतासा काय, सांगा की!"

साहेबाच्या मानेवरून घाम ओघळला. तो दाराकडं बघू लागला, पण दारात धोंडुबाई उभी होती. तरुणाचे डोळे भरून आले होते. चिमणाबाई टाळ्या पिटून हसत होती, आणि ते हसणं ऐकता ऐकता बसव्वाला वाटलं, मघाशी या खोलीतून येत होतं ते हेच. तिला स्वतःच्या तोंडाचीच घाण वाटली.

"धोंडू, वाट सोड," ती म्हणाली. "सायेब, उठायचं असलं तर उठा. आमच्यात मधीच उठायची मुभा हाय."

तिघं बूट हातात घेऊनच गेले.

कॅमेरा बायका बसल्या होत्या त्या हॉलच्या पडद्याआड, फुलदाणीमागं होता. बसव्वानं त्यातली कॅसेट काढून घेतली आणि तिथंच बसून तिची पट्टी ओढून काढली, संपेपर्यंत. मोरीच्या जाळीतून केसांचा गुंता निघावा तसा काळा ढीग तिच्या मांडीवर साठला. पूर्णिमा भिंतीला टेकून रडत होती. तिला कुणी गप्प केलं नाही.

त्यानंतर कितीतरी दिवस बसव्वा ताटावर बसायची आणि उठायची. कुणाचंही तोंड हलताना दिसलं की तिला तो मांसाचा धागा दिसायचा.

दिवाळी झाल्यावर पूर्णिमा परत आली. आत आली नाही, उंबऱ्याबाहेर उभी राहिली. कंपनी म्हणते, तुमच्या जागेत, तुमच्या पद्धतीनं करा, आम्ही कुणी येत नाही, असं तिनं सांगितलं.

"तुमचं झालं बोलून?" बसव्वानं विचारलं. "मग जावा तुमी."

'तुमी' ऐकून पूर्णिमानं मान खाली घातली.

मंडळात विषय निघाला तेव्हा बसव्वा कडाडून विरोधात होती. त्या लोकांचं तोंड बघायचं नाही, त्यांच्या वस्तूला हात लावायचा नाही म्हणाली. पण चिमणाबाईनं तिला मधेच तोडलं.

"हाताला वास कुणाच्या येतोय? त्या सायबाच्या का माझ्या? मला चांगलं पाकीट पायजे. तुझी किळस तुझ्याजवळ ठेव, बसव्वा. तिच्यापायी मी रोज दातानं फाडत बसू व्हय?"

हात वर झाले. बसव्वा एकटी पडली. तरीही प्रश्न तिनंच विचारले, कारण तिच्याइतकं शांतपणे ऐकायला कुणालाच जमत नव्हतं. मंडळाच्या खोलीत, आतून कडी लावून, पाळीपाळीनं बायका बसल्या. पूर्णिमा तेवढा वेळ जिन्यावर बसून असायची. अहवाल तयार झाला तो कबूल केल्याप्रमाणं आधी मंडळात वाचला गेला. बायकांनी 'असहाय' हा शब्द जिथं जिथं होता तिथून काढायला लावला. धोंडुबाईनं आपली भिंतीवर आपटल्याची हकीगत पूर्णच काढून घेतली.

"ती माझी हाय," ती म्हणाली. "कंपनीची न्हवं."

पूर्णिमानं मुकाट्यानं ते पान फाडून तिच्या हातात दिलं.

दुसऱ्या वर्षी माल आला. वास नव्हता. ओल्या बोटांनीसुद्धा पाकीट झटक्यात फाटत होतं. बायकांनी जे जे सांगितलं होतं ते सगळं त्यात होतं. फक्त वरच्या पुठ्ठ्याच्या डबीबद्दल त्यांना कुणी विचारलं नव्हतं. डबीवर एक बाई होती. उघडी पाठ, ओलं तोंड, अर्धे मिटलेले डोळे, खांद्यावरून मागं बघणारी. जणू कुणी शेजारच्या खोलीतून बघतंय आणि तिला ते आवडतंय.

बसव्वानं नाक्यावरच्या फोनवरून पूर्णिमाला गाठलं.

"ही बाई कुणी घातली?"

"ते मुंबईत ठरलं, ताई. मला दाखवलंच नाही. खरंच सांगते."

ते खरं असेलही. बसव्वानं ते ताडून बघण्याच्या फंदात न पडता फोन ठेवला.

"माल चांगला हाय की गं," चिमणाबाई हलक्या आवाजात म्हणाली. पण तिनंही डबी पालथी करून ठेवली होती.

दुपारी धंदा थंड असतो तेव्हा सगळ्याजणी मंडळात जमल्या आणि डब्या फोडायला बसल्या. आतली पाकिटं टोपलीत, पुठ्ठे बाजूला. उघड्या पाठींचा ढीग गुडघ्याएवढा झाला. तो रस्त्यावर टाकायचा तर पोरं उचलणार, म्हणून बसव्वानं सगळा आंघोळीच्या बंबात कोंबला आणि काडी लावली. गुळगुळीत कागद लवकर पेटेना. आधी त्याला फोड आले, मग हिरवट, चिकट धूर निघाला. बायका खोकत बाहेर पळाल्या. बसव्वा मात्र शेवटचा पुठ्ठा जळेपर्यंत तिथंच, तोंड न फिरवता बसून राहिली.