दशरथरावांचं गळू नेमकं कुठे?

आमच्या ह्यांना गळू झालं ढुंगणावर. यात लाजण्यासारखं काय आहे, सांगा! पण दशरथराव पडले आमच्या चारकोपच्या सोसायटीचे सेक्रेटरी. इज्जतीचा सवाल! बिल्डिंगमध्ये कोणी विचारलं की म्हणायचे, काखेत झालंय. दिंडोशीच्या वन्संना सांगितलं, मानेवर. आणि आमच्या जान्हवीच्या होणाऱ्या सासरी फोन केला, "गुडघ्यावर गळू आहे, साखरपुड्याची तारीख काढायला येता येत नाही." मी म्हटलं, अहो, एक जागा तरी पक्की करा! तर माझ्यावरच डोळे वटारले.

मग काय, रविवारी व्याही-विहीण स्वतःच दारात हजर, फळं घेऊन. हे फ्रिजला धरून उभे. व्याही चंद्रप्रकाश म्हणाले, "बसा ना!"

"नको, उभंच बरं वाटतं."

आमच्या विहीणबाई द्रौपदीबाई टक लावून बघत होत्या. "गुडघा तर छान सरळ दिसतोय. खाली वॉचमन म्हणाला, काखेत. तुमच्या बहिणीने सांगितलं, मानेवर. तीन-तीन गळवं?"

"म्हणजे... फिरतं आहे ते," हे म्हणाले.

फिरतं! मी कपाळाला हात लावला.

द्रौपदीबाईंनी चहाचा कप खाली ठेवला. "अंगभर गळवं म्हणजे रक्तातच काहीतरी असणार. उद्या पोरीलाही निघालं तर? तारखेचं राहू दे सध्या."

जान्हवी किचनच्या दारातच उभी होती. पोरीचे डोळे भरून आले आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या लेकीचं लग्न मोडायचं ते ह्यांच्या बुडापायी?

"एकच आहे हो!" मी ओरडले. "ढुंगणावर! पू झालाय, उद्या डॉक्टर चीर देणार. रक्तही तपासलं, शुगर-बिगर काही नाही. लाजेपायी जगाला थापा मारत सुटलाय हा माणूस!"

हे फ्रिजचं दार उघडून आत काहीतरी शोधायला लागले.

तेवढ्यात चंद्रप्रकाश हळूच म्हणाले, "त्यात काय एवढं! मलापण गेल्या वर्षी तिथेच झालं होतं. बसताना जीव जातो हो."

द्रौपदीबाई गर्रकन वळल्या. "तिथे? मला तर मांडीवर म्हणाला होतात! तुमच्या मांडीसाठी मी गणपतीला नारळ फोडला!"

व्याही खिडकीबाहेर बघायला लागले. द्रौपदीबाईंनी आधी त्यांच्याकडे बघितलं, मग फ्रिजमध्ये शिरलेल्या ह्यांच्याकडे, आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. मग माझा हात घट्ट धरला.

"तारीख काढा, विहीणबाई. पोरगी काही परक्या घरात जात नाहीये."