बेरिलच्या घरातलं माझं शेवटचं काम

मी गॅसची शेगडी बोलतेय. पण लगेच स्वयंपाकघराकडे बघू नका. माझ्यावर कधी कुणी भात शिजवला नाही की दूध उतू घालवलं नाही. मी बैठकीच्या खोलीतली, धुराड्याच्या तोंडाशी बसवलेली, माणसांचे पाय शेकणारी शेगडी. माझ्या पाठीमागे, धुराड्याच्या पोटात, एक बॉयलर होता. घरभर गरम पाणी पुरवायचं काम त्याचं आणि पुढे बसून कौतुक करून घ्यायचं काम माझं. आमच्या दोघांचा जळका वायू मात्र एकाच नळीतून वर जायचा.

यॉर्कशायरमधल्या एका चढाच्या गल्लीत, विल्फ आणि बेरिल हॅडफील्ड यांच्या घरी मी आले. विल्फ कोळशाच्या खाणीत कामाला होता. खाण बंद पडली तेव्हा त्याने घरातली कोळशाची चूलसुद्धा उखडून टाकली. "जन्मभर कोळसा खाल्ला. आता माझ्या घरात त्याचा कणही नको," असं म्हणून त्याने मला बसवून घेतलं. बेरिलने माझी पितळी कड पुसून लख्ख केली आणि शेजारणीला मुद्दाम चहाला बोलावलं. मी थोडी फुगलेच तेव्हा.

काय काय पाहिलं मी त्या खोलीत! त्यांची मुलगी लॉरेन माझ्यापुढे पालथी पडून केस वाळवायची. विल्फ लांब काट्याला पाव टोचून माझ्यावर भाजायचा आणि निम्मा जाळायचा. माझ्या जाळाच्या दोन्ही पट्ट्या पेटवायच्या की एकच, यावरून रोज वाद.

"एकच लाव. थंडी वाजत असेल तर स्वेटर घाल," विल्फ म्हणायचा.

"दोन घातलेत. तिसरा तुझा काढून घेऊ का?" बेरिल म्हणायची, आणि दुसरी पट्टी पेटायची.

बेरिलचं एकच गाऱ्हाणं होतं. तिच्या खुर्चीमागे, भिंतीच्या तळाशी, जाळी लावलेलं एक भोक होतं. आम्हाला जळायला ताजी हवा लागते, त्यासाठी ठेवलेलं. पण त्या गल्लीत घरात शिरणाऱ्या वाऱ्याइतका कुणाचा राग करत नाहीत. दाराखाली कापडी वळकट्या, खिडकीच्या फटीत कागद. वारा म्हणजे जणू चोरच. त्या भोकातला वारा बेरिलच्या घोट्यांना झोंबायचा. एका हिवाळ्यात विल्फने तिचा विटलेला निळा स्वेटर घेतला, भोकात गच्च कोंबला आणि वरून भिंतीचा कागद चिकटवून टाकला.

"घे. आता तुझे घोटे वाचले," तो म्हणाला.

बेरिलने त्याच्या टकलावर ओठ टेकले. फुलं आणणाऱ्यांपैकी तो कधीच नव्हता. हे त्याचं फूल होतं.

खाणीत हवा बिघडली की माणसं कशी मरतात हे ज्याने डोळ्यांनी पाहिलं होतं, त्याच माणसाने हे केलं. खाली अंधारात तो हवेला भ्यायचा. वर आपल्या घरात, चहाचा कप हातात असताना, कोण कशाला भिईल?

आणि मी? मला बरंच वाटलं. खोली लवकर तापायला लागली, शाबासकी मला मिळायची. वर्षातून एकदा तपासायला येणारा माणूस "हे जुनं झालं, बदला" असं सांगायचा म्हणून विल्फने त्याला बोलावणंच बंद केलं, तेव्हाही मला आनंद झाला होता. याची लाज मला अजून वाटते.

वय झालं, त्यात जळायला हवाही पुरेना, तशी आमच्या नळीत काजळी धरली. वर जायचा तो वायू थोडाथोडा खोलीत यायला लागला. त्याला वास नाही, रंग नाही, पण तो विषारी. विल्फचं डोकं दुखायचं, त्याला धाप लागायची. डॉक्टर म्हणाले, छाती खाणीतच गेली आहे. दोन हिवाळ्यांमागे, माझ्यासमोरच्या खुर्चीत, दुपारची डुलकी घेता घेता तो गेला. माझ्या दोन्ही पट्ट्या तेव्हा पेटलेल्या होत्या.

मग बेरिल एकटी दिवसभर माझ्यापाशी बसायला लागली. पाणी न घालताच किटली लाव, शेजारणीला बहिणीच्या नावाने हाक मार, असं सुरू झालं. लॉरेन सुपरमार्केटमधली कामाची पाळी संपवून यायची आणि दारातच थबकायची.

"आई, सकाळपासून चौथ्यांदा फोन केलास तू. तेच विचारायला."

"मग तू नीट उत्तर द्यायचंस ना. माझं डोकं दुखतंय, वेड नाही लागलं मला."

उन्हाळ्यात मी बंद असायचे, तेव्हा ती बरी असायची. लॉरेनने तिला आठवडाभर समुद्रावर नेलं, तर तिथे तिने सगळ्यांना पत्त्यांत हरवलं. "हवापालट मानवला," असं सगळे म्हणाले. हवेचंच होतं ते, पण कुणाच्या लक्षात आलं नाही. थंडी पडली, मी पेटले आणि बेरिल पुन्हा विसरायला लागली. शेवटी लॉरेनने रडत रडत वृद्धाश्रमात जागा पाहून ठेवली. घर विकायचं ठरलं. एका शहाण्या बाईला मी तिच्या घरातून आणि तिच्या डोक्यातून, दोन्हीकडून हुसकावत होते. ओरडून सांगावंसं वाटायचं, की माझ्याजवळ बसू नकोस. पण मला धगीशिवाय दुसरी भाषा येत नाही आणि धग जाणवली की ती खुर्ची आणखी जवळ ओढायची.

जानेवारीत बॉयलरच बंद पडला, ते बरं झालं. दुरुस्तीला तारिक नावाचा माणूस आला. त्याने बॉयलर चालू करून पाहिला, मग मला पेटवलं आणि माझ्या कपाळाशी धूर सोडणारी एक काडी धरली. धूर वर जायच्या ऐवजी खोलीत वळला. तारिकने गॅस तोडला आणि खिडक्या सताड उघडल्या.

"अरे बाळा, गारठून मारतोस की काय मला?"

"मिसेस हॅडफील्ड, तुमचं डोकं दुखतं? बाहेर गेलात की थांबतं?"

तारिक भिंत चाचपत तिच्या खुर्चीमागे गेला. एके ठिकाणी कागद पोकळ वाजला. त्याने तो कापला आणि आतून निळा स्वेटर ओढून काढला. बेरिलने तो मांडीवर घेतला, एक हात त्यावर ठेवला आणि इस्पितळाची गाडी येईपर्यंत काढला नाही.

तिच्या रक्तात माझंच विष निघालं. महिनाभर ती लॉरेनकडे राहिली. परत आली ती जुनी बेरिल होऊन, जिभेच्या धारेसकट. त्या दिवशी तारिक नवा बॉयलर स्वयंपाकघरात बसवून मला उपटून काढत होता.

"किती वर्षं चाललं असेल हे?" तिने विचारलं.

"सांगता येत नाही."

"विल्फ होता तेव्हा?"

"त्यांची छाती खाणीत गेली होती, असं तुम्हीच म्हणालात."

"ते मी म्हणाले. आता तुला विचारतेय."

"मला खरंच माहीत नाही हो," तारिक म्हणाला.

मलाही माहीत नाही. याहून वाईट काही असेल तर मला सांगा.

तेवढ्यात लॉरेन आली. मला जमिनीवर पडलेलं पाहून तिचा तोल गेला. "मी माझ्या आईला आश्रमात टाकायला निघाले होते," ती तारिकला म्हणाली, "आणि बाबा? बाबापण यानेच गेले का? झालं तरी कसं हे?"

तारिकने तोंड उघडलं. बेरिल त्याच्या आधी बोलली.

"शेगडी खराब होती. तुझा बाबा ती बदलू म्हणत होता, मीच नको म्हणाले. बाकी काही नाही."

तारिकने तिच्याकडे पाहिलं. "जुनी तर होतीच," एवढंच तो म्हणाला आणि हत्यारं गोळा करायला लागला.

लॉरेनने बुटाने मला लाथ घातली. माझी पितळी कड चेपली. बेरिलने तिला अडवलं नाही. पण लॉरेन आत चहा करायला गेली तेव्हा ती गुडघे धरत खाली वाकली आणि कड चेपली होती तिथे तिने हात ठेवला.

"माफ कर गं," ती हळूच म्हणाली. "पोरीने विल्फला दोष दिलेला मला बघवणार नाही."

आता मी भंगारवाल्याच्या आवारात आहे. उद्या-परवा वितळवतील. तुमच्या घरात माझी कुणी बहीण असेल, तर तिला दरवर्षी माणूस बोलावून तपासून घ्या आणि हवेचं भोक बुजवू नका, कितीही वारा लागो. आणि लॉरेन हॅडफील्ड कधी भेटलीच, तर तिला सांगा की शेगडी खराब होती. बाकी काही सांगू नका.